२.४ सेंटिमीटरची गाठ आणि ७९ वर्षांचे वय: मूत्रपिंडातील लहान गाठीच्या उपचारनिवडीचा प्रकरण अभ्यास

पोटाच्या वरच्या भागात अधूनमधून दुखते म्हणून पित्ताशयातील खड्यांची शंका घेऊन सोनोग्राफी केली गेली. पित्ताशय स्वच्छ निघाले, मात्र उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला सुमारे अडीच सेंटिमीटरची घन गाठ दिसली. रुग्ण ७९ वर्षांच्या बाई. लघवीतून रक्त नाही, कंबरेत दुखणे नाही, वजन घटलेले नाही. मूत्रपिंडातील लहान गाठी आज बहुतांशी अशाच, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात, आणि वय वाढते तसे त्या सापडण्याचे प्रमाणही वाढते. पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. या वयात अशी गाठ घेऊन येणाऱ्या रुग्णांमध्ये जे वारंवार आढळते, ते एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलेले आहे. संशोधनातील म्हणून दिलेले आकडे मात्र प्रत्यक्ष प्रसिद्ध झालेले आहेत.

बाईंना वीस वर्षांपासून उच्च रक्तदाब आणि चौदा वर्षांपासून मधुमेह होता. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, असल्यामुळे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या ॲपिक्झाबॅन घेत होत्या. घरातली सगळी कामे स्वतः करत, पण जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबावे लागे. चार मीटर अंतर त्यांच्या नेहमीच्या चालीने चालायला सांगितले तेव्हा साडेपाच सेकंद लागले. हा वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी भरतो, आणि वृद्ध रुग्णांमध्ये ही रेघ शरीराची राखीव ताकद कमी झाल्याची खूण मानली जाते. ही एवढीशी चाचणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही, तरीही शस्त्रक्रियेचा विचार करताना ती अनेकदा राहून जाते याचे वाईट वाटते, कारण भूल आणि शस्त्रक्रिया कितपत झेपेल याचा अंदाज नुसत्या वयापेक्षा तिच्यावरून अधिक चांगला येतो.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.३ आले. अहवालातला हा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या किंचितच वर असल्याने घरच्यांनी तो मनावर घेतला नव्हता. पण ७९ वर्षांच्या स्त्रीचे स्नायू कमी झालेले असतात, त्यामुळे तेच १.३ क्रिएटिनिन तरुण पुरुषाच्या बाबतीत जे सांगते त्याहून फार वेगळे काही इथे सांगते. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने हिशेब केला तर त्यांचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, ४२ च्या आसपास येतो. हा दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा ३ब टप्पा झाला. त्यातच लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात होते, म्हणजे मधुमेहाचा मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झालेला होता. गाठीची चर्चा सुरू होण्याआधीच या प्रकरणाची दिशा बऱ्याच अंशी या आकड्याने ठरवली होती.

गाठ नेमकी कशी होती

ईजीएफआर ३० च्या वर असल्याने शरीरात पुरेसे पाणी आहे याची खात्री करून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर रक्तपुरवठा उठून दिसावा म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य, देऊन सीटी स्कॅन करण्यात आला. गाठीचा सर्वांत मोठा व्यास २.४ सेंटिमीटर होता. कॉन्ट्रास्टआधी तिची घनता ३४ हाउन्सफील्ड एकके होती, नंतर ती ९६ झाली. वीसपेक्षा जास्त एककांची वाढ म्हणजे गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा आहे, ती साधी पाण्याची पुटी नाही. गाठीत चरबी दिसली असती तर ती अँजिओमायोलिपोमा नावाची निरुपद्रवी गाठ असल्याचे बहुधा तिथेच ठरले असते, पण तशी चरबी दिसली नाही. गाठीचा अर्ध्याहून अधिक भाग मूत्रपिंडाच्या बाहेर डोकावत होता, ती मागच्या बाजूला होती आणि मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीपासून आठ मिलिमीटर दूर होती. अशा गाठीची शस्त्रक्रिया किती किचकट ठरेल हे सांगण्यासाठी २००९ मध्ये मांडलेल्या रीनल गुणांकनात तिला ४ गुण पडतात, आणि त्या पद्धतीत यापेक्षा कमी गुण असूच शकत नाहीत. छातीच्या स्कॅनमध्ये काही आढळले नाही. पोटातील लसिकाग्रंथी आणि मूत्रपिंडाची मुख्य शीर स्वच्छ होती.

चार सेंटिमीटर किंवा त्याहून लहान आणि मूत्रपिंडापुरत्याच मर्यादित गाठीला टी१ए म्हणतात. या गटाबद्दल रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवी अशी गोष्ट अशी की, शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा दर पाच गाठींपैकी साधारण एक कर्करोगाची नसतेच. ती ऑन्कोसायटोमा किंवा चरबी न दिसणारा अँजिओमायोलिपोमा निघते. उरलेल्यांत क्लिअर सेल प्रकार सर्वांत जास्त, त्यानंतर पॅपिलरी आणि क्रोमोफोब. म्हणजे स्कॅनवर ‘कर्करोगाची शक्यता’ असे लिहिलेले असले तरी ती शक्यता शंभर टक्के नसते, आणि असलेला कर्करोगही प्रत्येक वेळी धावणारा नसतो.

घरच्यांचा प्रश्न आणि बाईंचा प्रश्न

मुलाचे म्हणणे सरळ होते. “कॅन्सर असू शकतो म्हणता, मग काढून का टाकत नाही, डॉक्टर? आईला टांगणीला कशाला ठेवायचं?” बाई मात्र बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ऑपरेशनला मी भीत नाही. डायलिसिसला भिते. माझ्या मोठ्या जावेचं सगळं मी जवळून बघितलंय.”

दोघांचेही म्हणणे रास्त होते, पण निर्णयासाठी दुसरे वाक्य अधिक मोलाचे होते. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ‘गाठीचे काय करायचे’ हा प्रश्न सुटा विचारता येत नाही. गाठ किती वेगाने वाढेल, मूत्रपिंडांची उरलेली ताकद किती दिवस पुरेल आणि हृदय, रक्तवाहिन्या व मधुमेह यांचा मार्ग कसा असेल, हे तिन्ही अंदाज शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय उत्तर मिळत नाही. या बाईंच्या बाबतीत पुढच्या पाच वर्षांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका गाठीपासूनच्या धोक्यापेक्षा स्पष्टपणे मोठा होता. हे वाक्य नातेवाइकांपुढे उच्चारणे कठीण असते, पण ते न उच्चारता मागितलेली संमती अपुरी असते असे माझे ठाम मत आहे.

पर्यायांचा विचार

संपूर्ण मूत्रपिंड काढण्याचा पर्याय लगेच बाजूला ठेवला गेला. एवढ्या लहान आणि काठावरच्या गाठीसाठी अख्खे मूत्रपिंड काढणे तरुण, निरोगी रुग्णातही टाळले जाते. इथे तर ईजीएफआर आधीच ४२ होता.

फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढणारी आंशिक शस्त्रक्रिया हा टी१ए गाठीसाठी प्रस्थापित शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. गाठीची जागा पाहता दुर्बिणीद्वारे ती करता आली असती. तिचा मोठा फायदा म्हणजे गाठ पूर्ण निघते, तिचे सूक्ष्म परीक्षण होते आणि तीच गाठ परत उद्भवण्याचा दर सर्वांत कमी राहतो. मात्र तिच्यासाठी पूर्ण भूल लागते, काही मिनिटे मूत्रपिंडाची धमनी दाबून धरावी लागते, आणि रक्तस्राव किंवा लघवीची गळती या गुंतागुंती अख्खे मूत्रपिंड काढण्यापेक्षा या शस्त्रक्रियेत जास्त दिसतात. ॲपिक्झाबॅन घेणाऱ्या, हळू चालणाऱ्या रुग्णात हा जोखमीचा बोजा हलका नव्हता.

मूत्रपिंड वाचवल्याने आयुष्य वाढते का, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. युरोपातील ईओआरटीसी ३०९०४ या चाचणीत पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ५४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून संपूर्ण आणि आंशिक शस्त्रक्रियांची तुलना झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या गटात ८१.१ टक्के, तर आंशिक शस्त्रक्रियेच्या गटात ७५.७ टक्के होते. पुढे त्याच चाचणीच्या आकडेवारीतून असेही दिसले की, ईजीएफआर ६० च्या खाली जाणे संपूर्ण शस्त्रक्रियेनंतर बरेच जास्त होते, पण १५ च्या खाली जाण्याचे, म्हणजे मूत्रपिंड निकामी होण्याचे, प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. म्हणजे निरोगी माणसाची शस्त्रक्रियेने कमी झालेली मूत्रपिंडक्षमता बहुधा त्याच पातळीवर स्थिरावते. याच निष्कर्षाचा आधार घेऊन ‘मूत्रपिंड गेले तरी चालते’ असे कोणी म्हणेल, तर ते या बाईंना लागू होत नाही. त्यांची क्षमता शस्त्रक्रियेने नव्हे, मधुमेह आणि रक्तदाबाने घटत होती, लघवीत अल्ब्युमिन होते, आणि अशी घट स्वतःहून थांबत नाही. तिच्यात शस्त्रक्रियेची भर पडली तर डायलिसिसपर्यंतचे अंतर खरोखरच कमी होऊ शकते.

सुईद्वारे गाठ जागच्या जागी नष्ट करण्याच्या पद्धतींपैकी रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह उष्णता वापरतात, तर क्रायोअब्लेशनमध्ये गाठ गोठवली जाते. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींमध्ये या पद्धती सर्वांत चांगल्या चालतात. एका बैठकीनंतर गाठीचा अंश उरण्याचा किंवा परत वाढण्याचा दर आंशिक शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. पण तीच प्रक्रिया पुन्हा करता येते, आणि कर्करोग इतरत्र पसरण्याच्या दरात लहान गाठींपुरता फारसा फरक आढळत नाही. मागच्या बाजूची, बाहेर डोकावणारी, पोकळीपासून दूर असलेली ही गाठ सुईच्या मार्गाने अतिशय सोयीची होती.

नेमक्या दिशेने दिलेल्या किरणोपचाराचाही विचार झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्टट्रॅक २ या चाचणीत शस्त्रक्रियेस अयोग्य असलेल्या किंवा ती नाकारलेल्या ७० रुग्णांना, ज्यांचे मध्यक वय ७७ होते, हाच किरणोपचार (एसबीआरटी) दिला गेला आणि वर्षभरानंतर एकाही रुग्णात त्या जागी गाठ वाढलेली नव्हती. हा निकाल मोठा दिलासा देणारा आहे, विशेषतः सुईने गाठता न येणाऱ्या किंवा मोठ्या गाठींसाठी. मात्र त्याच रुग्णांचा ईजीएफआर पहिल्या वर्षात सरासरीने सुमारे ११ ने घटला. ४२ वर असलेल्या बाईंसाठी ही घट परवडणारी नव्हती, आणि गाठ लहान व सुईच्या टप्प्यात असताना ती स्वीकारण्याचे कारणही नव्हते.

उरला तो सक्रिय देखरेखीचा पर्याय. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत देखरेखीखालील लहान गाठींची वाढ वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास आढळली आहे. देखरेखीच्या काळात कर्करोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण साधारण दोन टक्के होते, आणि पाव हिस्सा गाठी मुळीच वाढल्या नाहीत. अमेरिकेत २००९ पासून चाललेल्या डिझर्म या नोंदणीत पाच वर्षांनंतर मूत्रपिंडाच्या कर्करोगाने मृत्यू न होण्याचे प्रमाण लगेच उपचार घेतलेल्यांत ९९ टक्के आणि देखरेख निवडलेल्यांत १०० टक्के होते. एकूण जगण्याचे प्रमाण मात्र ९२ आणि ७५ टक्के असे वेगळे होते. पहिल्या वाचनात हा फरक धक्का देतो, पण देखरेख निवडणारे रुग्ण मुळातच जास्त वयाचे आणि जास्त आजार असलेले होते, आणि त्यांचे मृत्यू गाठीमुळे झाले नव्हते.

पहिला निर्णय आणि त्याच्या अटी

बाई, त्यांचा मुलगा, सून, मूत्रशल्यचिकित्सक आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ यांच्या एकत्र बैठकीत देखरेखीचा निर्णय झाला. बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे, तेव्हा केली नाही. तिचा कोणताही निकाल आला असता तरी पुढच्या सहा महिन्यांत काही बदलणार नव्हते, आणि तिच्यासाठी ॲपिक्झाबॅन दोन-तीन दिवस थांबवावे लागले असते. निकालाने निर्णय बदलणार नसेल तर वृद्ध रुग्णात तपासणी टाळणे हेच योग्य, असे मला वाटते. याचा अर्थ बायॉप्सी धोकादायक आहे असा मात्र नाही. सुईच्या मार्गावर कर्करोग पसरण्याची भीती घरच्यांनी बोलून दाखवली, पण आजच्या आवरण असलेल्या सुयांमुळे असे क्वचितच घडते.

देखरेख म्हणजे ‘बघू पुढे’ नव्हे, हे मुलाला पटवायला वेळ लागला. त्यासाठी अटी लिहून दिल्या गेल्या. सहा महिन्यांनी आणि नंतर पुन्हा सहा महिन्यांनी स्कॅन, शक्यतो त्याच यंत्रावर आणि त्याच प्रतलात मोजमाप. व्यास तीन सेंटिमीटरजवळ आला, वर्षात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वाढला किंवा लघवीतून रक्त गेले, तर निर्णय नव्याने. दोन तज्ज्ञांनी तीच गाठ मोजली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो, म्हणून एका स्कॅनवरून घाबरायचे नाही, हेही त्याच कागदावर होते. दरम्यान रक्तदाब आटोक्यात आणणे, लघवीतील अल्ब्युमिन कमी करणारी औषधे सुरू करणे आणि वेदनाशामक गोळ्या स्वतःहून न घेणे यांवर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी गाठीपेक्षा जास्त वेळ घालवला, आणि ते अगदी योग्य होते.

अठरा महिन्यांनंतर

सहाव्या महिन्यात व्यास २.५ होता, बाराव्यात २.६. दोन्ही वाढी मोजमापाच्या चुकीत बसणाऱ्या. अठराव्या महिन्यात तो २.९ झाला. व्यासाच्या भाषेत दीड वर्षात पाच मिलिमीटर, म्हणजे सरासरी वेगाच्या जवळपासच. पण गाठ गोल धरली तर तिचे घनफळ सुमारे ७.२ घन सेंटिमीटरवरून १२.८ वर गेले होते, म्हणजे पाऊणपट वाढ. याच काळात ईजीएफआर ३९ वर आला होता, हृदयाची स्थिती स्थिर होती आणि चालण्याचा वेग थोडा सुधारला होता.

आता प्रश्न बदलला होता. गाठ अजूनही धोकादायक वेगाने वाढत नव्हती, पण सुईने ती नीट नष्ट करता येण्याची तीन सेंटिमीटरची मर्यादा जवळ आली होती. आणखी वर्षभर थांबलो असतो तर कदाचित सोपा मार्ग बंद होऊन अवघड मार्गच उरले असते. देखरेखीतील निर्णय अशा जागी घ्यावा लागतो, हे या प्रकरणातून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: गाठीची भीती वाटू लागली म्हणून नव्हे, तर कमी त्रासाचा उपचार हातातून निसटू नये म्हणून.

आता बायॉप्सीचा निकाल निर्णय बदलू शकत होता. ऑन्कोसायटोमा निघाला असता तर देखरेखच पुढे चालू राहिली असती. म्हणून बायॉप्सी वेगळ्या बैठकीत, उपचाराआधी केली. उपचाराच्याच टेबलावर ती केली असती तर निकाल हाती येईपर्यंत गाठ गोठवलेली असती. तिच्यात दुसऱ्या श्रेणीचा क्लिअर सेल कर्करोग आढळला. बाईंनी क्रायोअब्लेशन निवडले.

प्रक्रिया पूर्ण भूल न देता, गुंगीच्या औषधावर आणि पालथे झोपवून झाली. सीटीच्या मार्गदर्शनाखाली पाठीतून तीन सुया गाठीत नेल्या. मोठे आतडे गाठीपासून जेमतेम बोटभर अंतरावर होते, म्हणून दोघांच्या मधे द्रव सोडून ते बाजूला सारले. आर्गॉन वायूने गोठवणे, मग वितळू देणे आणि पुन्हा गोठवणे असा दुहेरी क्रम झाला. बर्फाचा गोळा स्कॅनवर गडद कडेसह स्पष्ट दिसतो, आणि त्याची कड गाठीच्या सर्व बाजूंनी किमान पाच मिलिमीटर पलीकडे गेली आहे हे प्रत्येक प्रतलात तपासले गेले, कारण गोळ्याच्या अगदी कडेला तापमान शून्याच्या जवळपास असते आणि पेशी मरण्याइतकी थंडी थोडी आत सुरू होते. प्रक्रियेनंतर मूत्रपिंडाभोवती थोडे रक्त साचलेले दिसले. ते वाढले नाही, रक्त द्यावे लागले नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाई घरी गेल्या. ॲपिक्झाबॅन दोन दिवसांनी पुन्हा सुरू झाले.

तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये उपचार झालेल्या जागी कॉन्ट्रास्ट शोषला गेला नव्हता. तिथे व्रणासारखा भाग दिसत होता, आणि तो बराच काळ तसाच दिसत राहील हे घरच्यांना सांगितले, कारण ‘गाठ अजून आहेच की’ ही धास्ती या टप्प्यावर बहुतेकांना वाटते. आकार नव्हे, रक्तपुरवठा दिसतो का हे पाहायचे असते. ईजीएफआर ३७ होता.

पुढचे स्कॅन सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्यानंतर वर्षातून एकदा ठरले आहेत. देखरेख कधी थांबवायची हेही याच वेळी बोलले गेले. मोठा पक्षाघात झाला किंवा हृदय इतके कमकुवत झाले की गाठ परतली तरी कोणताही उपचार करायचा नाही असे ठरेल, तर स्कॅनही करायचे नाहीत, असे बाईंनी स्वतः सांगितले आणि मुलाच्या समोर ते नोंदवून घेतले गेले. मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडची तीन महिन्यांची भेट मात्र स्कॅनच्या वेळापत्रकापासून वेगळी ठेवली आहे, आणि ती आयुष्यभर चालू राहील.